दोष कुणाचा?

इतिहास हा माझा विषय. गुणसूत्रांशी असलेला माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, अशी माझी समजूत होती. गेल्या दीड वर्षात तो पुन्हा जडला, आणि जडला तो आमच्या घरामुळे. दादा-वहिनींची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

वहिनी आमच्याकडे आली तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतरच्या साडेतीन वर्षांत तिला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना संपण्यापूर्वीच सारे संपले. पहिल्या खेपेला सर्वांनी तिची समजूत घातली. दुसऱ्या खेपेला तिच्या स्कूटरवरून ऑफिसला जाण्याचा विषय निघाला. तिसऱ्या खेपेला मात्र आजीने पपईपासून ग्रहणापर्यंत सारी कारणे बाहेर काढली. शेजारच्या काकूंनी सुनेच्या डोहाळजेवणाला आईला बोलावले, वहिनीला नाही. वहिनी काहीच बोलली नाही. त्या दिवशी तिने माळ्यावरची सगळी भांडी काढून घासली, एवढे मला आठवते.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचू लागले. वाचकहो, पहिली गोष्ट मला कळली ती ही, की गर्भ न टिकणे ही मुळीच दुर्मिळ घटना नव्हे. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचे मीलन बीजवाहिनीत होते. पुढे पाच-सहा दिवसांत त्यातून पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो, तो गर्भाशयात उतरतो आणि तेथील अस्तरात रुजू लागतो. कित्येक गर्भ या रुजवणीपर्यंत पोहोचतच नाहीत. कित्येक रुजतात आणि लगेच गळतात. पाळी चार दिवस लांबली, यापलीकडे त्या स्त्रीला काही कळतही नाही. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूल हवे असलेल्या २२१ स्त्रियांची लघवी रोजच्या रोज तपासण्यात आली. ज्या गर्भधारणा आढळल्या त्यांतील शेकडा २२ तर गर्भ राहिल्याचे लक्षात येण्यापूर्वीच संपल्या होत्या. पुढचे गर्भपात धरले तर हा आकडा शेकडा ३१ वर गेला.

हे का होते? पॅरिसमधील जोएल आणि आंद्रे बुए या दांपत्याने सुमारे दीड हजार गर्भपातांतील गर्भांची गुणसूत्रे तपासली. १९७५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला, की त्यांपैकी शेकडा साठांहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा हिशेबच चुकलेला होता. पपईचा, जिन्याचा वा स्कूटरचा त्यात काही संबंध नव्हता.

मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रे ४६, म्हणजे २३ जोड्या. (हा साधा आकडासुद्धा १९५६ साली स्वीडनमध्ये त्यो आणि लेव्हान यांनी नीट मोजला. त्यापूर्वी तीसेक वर्षे ४८ हाच आकडा सर्वमान्य होता. छापील गोष्टीवर आपण किती विसंबतो!) स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीतील एकेकच गुणसूत्र त्यात जायचे असते. वाटणी चुकली की एखादे जादा जाते किंवा एखादे राहून जाते. सोळावे गुणसूत्र जादा झालेले गर्भ गर्भपातांत पुष्कळ सापडतात. असे मूल जन्माला येत नाही. एकविसावे जादा असेल तर मात्र मूल जन्मू शकते. त्यालाच आपण डाउन सिंड्रोम म्हणतो.

स्त्रीच्या वयाचा संबंध येतो तो येथे. तिची सारी बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि वाटणी अर्ध्यावर थांबवून वर्षानुवर्षे तशीच राहतात. गुणसूत्रांना जोडून धरणारे बंध या काळात सैल पडत जातात. पस्तिशीनंतर वाटणीच्या चुका वाढतात, त्या यामुळे. तो त्या स्त्रीच्या वागण्याचा परिणाम नव्हे.

पण वहिनी तर अवघी सत्तावीस वर्षांची. तिसऱ्या गर्भपातानंतर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचेही रक्त मागितले. “मला काय धाड भरलीय?” असे दादा म्हणाला, पण गेला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. वहिनीची गुणसूत्रे निर्दोष होती. दादाच्या दोन गुणसूत्रांच्या टोकांची आपसांत अदलाबदल झालेली होती.

हे घरी समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात केतकरांचा ज्ञानकोश आहे. त्याचे खंड तेवीस! मी म्हटले, समजा, प्रत्येकाकडे ज्ञानकोशाचे दोन संच आहेत, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. दादाच्या एका संचात बाइंडरने चौथ्या खंडाची शेवटची पाने बाराव्याला बांधली आणि बाराव्याची चौथ्याला. एकही पान हरवलेले नाही, म्हणून दादा धडधाकट आहे. पण मुलाला देताना दोन्ही संचांतून निवडून तेवीस खंडांचा एकच संच करायचा असतो. त्यात चुकीचा बांधलेला चौथा आणि सरळ बांधलेला बारावा असे एकत्र आले, की काही पाने दोनदा येतात आणि काही येतच नाहीत. असा गर्भ बहुधा टिकत नाही. दोन्ही सरळ खंड आले किंवा दोन्ही चुकीचे आले, तर मूल सुखरूप.

वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभर जोडप्यांत सुमारे दोन ते पाच ठिकाणी पती-पत्नींपैकी एकात अशी अदलाबदल सापडते. इतरांत थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्त गोठवणारी प्रतिपिंडे अशी कारणे निघतात, आणि पुष्कळदा काहीच निघत नाही.

यावर इलाज आहे काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, हे आपण ऐकलेले असते. आता त्याच पद्धतीने वाढवलेल्या पाच-सहा दिवसांच्या गर्भाच्या बाहेरच्या थरातील काही पेशी काढून तपासता येतात आणि हिशेब बरोबर असलेला गर्भच गर्भाशयात सोडता येतो. दादासारख्यांना याचा उपयोग होऊ शकतो. परंतु गर्भ रुजत नाही म्हणून सरसकट सर्वांनाच ही तपासणी सुचवावी, हे मला पटत नाही. काढलेल्या चार पेशी म्हणजे संपूर्ण गर्भ नव्हे. काही पेशी सदोष आणि काही निर्दोष असे संमिश्र ठरलेले गर्भ सोडूनही निरोगी बाळे झाल्याचे इटलीतील डॉक्टरांनी २०१५ साली नोंदवले आहे. शिवाय खर्च लाखांत. याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळते. ते सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे बरेच झाले. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा अनेक जोडप्यांना कोणत्याही उपचाराविना, पुढच्या एखाद्या खेपेला निरोगी मूल होते. दादा-वहिनींचे अजून ठरलेले नाही.

दादाकडे हे आले कोठून, म्हणून आई-बाबांचेही रक्त तपासले. ते बाबांकडून आले होते. हे कळल्यावर आजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, बाबा आणि आत्या यांच्या मधे तिचेही दोन गर्भ गेले होते. तेव्हा तिच्या सासूने तिला वर्षभर देवघरात पाऊल टाकू दिले नव्हते. हे बाबांनाही ठाऊक नव्हते. त्या रात्री आजीने वहिनीला जवळ बोलावून तिच्या केसांना तेल लावले.

बाबांकडून ते चुकीचे बांधलेले खंड माझ्याकडेही आले असण्याची शक्यता आहे, अगदी छापा-काट्याइतकी. गेल्या सोमवारी मी रक्त देऊन आले. वहिनी सोबत होती. रिपोर्ट यायला अजून दोन आठवडे आहेत.