चार ओळींचे पैसे

"वहिनी, काही नाही हो, चार ओळीच लिहून द्यायच्यात." हे वाक्य मी लग्न होऊन निडीला आल्यापासून ऐकते आहे. पेण सुटलं की कासू, मग नागोठणे, मग आमचं निडी आणि पुढचं रोहा. स्टेशन एवढंसं, पण बी.ए.ला मराठी घेतलेली सून गावात आली आहे ही बातमी पार रोह्यापर्यंत गेली. लग्नपत्रिकेचा मजकूर, निवृत्त होणाऱ्या गुरुजींचं मानपत्र, मंडळाच्या अहवालाचं प्रास्ताविक, पुण्यस्मरणाची जाहिरात, पोरांची १५ ऑगस्टची भाषणं. सगळं मी लिहीत आले. बदल्यात नारळ, ब्लाऊजपीस, कधी डझनभर पोह्याचे पापड. मानपत्राला चौकट घालणाऱ्या फ्रेमवाल्याला मात्र सगळे रोख पैसे देत.

यात काही चुकतंय असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही. वाटायला लावलं ते बचत गटातल्या एका बाईने. दर बैठकीत मी सांगायची, पापडाचा हिशेब करताना आपल्या हाताची मजुरी धरा, नाहीतर नफा दिसतो तो खोटा. ती शांतपणे म्हणाली, "आणि वहिनी, तुमच्या लिहिण्याची मजुरी कुठल्या खात्यावर धरता?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही.

लेकीने तोडगा काढला. "आई, लोकांना माहीतच नाहीये की तू हे काम म्हणून करतेस. स्टेटसला टाक." मी टाकलं: "मानपत्र, पत्रिका, लेबल, माहितीपत्रक यांचा मराठी मजकूर योग्य मोबदल्यात लिहून मिळेल." 'योग्य मोबदल्यात' हे दोन शब्द मी चार वेळा खोडले आणि चार वेळा परत लिहिले. स्टेटस कोणी पाहिलं त्याची यादी दिसते ना, ती मी दिवसभर उघडून बघत होते. ८७ जणांनी पाहिलं. एकानेही काही विचारलं नाही. जाऊबाईंचा तेवढा फोन आला, "पैसे घेणार तू? आपल्याच माणसांकडून?"

महिनाभर असंच गेलं. मग लक्षात आलं की जाहिरात करताना मीच वाईट लिहीत होते. गटाच्या पापडाच्या जुन्या लेबलवर होतं, 'उत्तम चव, उत्कृष्ट दर्जा'. हे साबणावरही चालेल. मी ते बदलून लिहिलं होतं, 'पोहे आमच्याच भाताचे, लाटणं आमच्याच हातचं. तिखट आहे, पोरांना जपून द्या.' दोन्ही लेबलांचे फोटो शेजारीशेजारी ठेवून स्टेटसला टाकले. खाली फक्त, 'हा मजकूर मी लिहिला, ३०० रुपये.' त्या दिवशी तीन फोन आले. मी लेखिका आहे असं सांगून कोणी येत नाही. जुनं आणि नवं समोर ठेवलं की माणसाला आपलं स्वतःचं लेबल आठवतं.

त्या तिघांतला एक फोन पेणच्या एका गणपती कारखान्यातून होता. गटातल्या बाईच्या नणंदेने तिथल्या वहिनींना तो फोटो दाखवला होता. पेणच्या मूर्ती परदेशी जातात, बोटीने जायच्या म्हणून महिनोन्‌महिने आधी खोक्यात बसतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्यांना खोक्यात ठेवायचा कागद हवा होता: शाडूची मूर्ती बाहेर कशी काढायची, हात कुठे लावायचा, कुठे लावायचा नाही, दमट हवेत काय काळजी घ्यायची. मी दोन दिवस कारखान्यात जाऊन बसले. कारागीर मूर्ती उचलताना कधीही हाताला किंवा सोंडेला धरत नाही, पाटाखाली हात घालतो. ते बघितलं नसतं तर मी 'काळजीपूर्वक हाताळा' एवढंच लिहून मोकळी झाले असते. त्या एका पानाचे दीड हजार मिळाले. माझ्या लिहिण्याची ती पहिली खरी कमाई.

फोनवरच्या सोयींचं थोडक्यात सांगते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नावाचं वेगळं अ‍ॅप २०१८ साली आलं, ते फुकट आहे. त्यात आपला पत्ता, कामाच्या वेळा आणि कामांची दरासकट यादी लावता येते. दर तिथे लिहिलेले असले की तोंडाने सांगायची लाज वाटत नाही, हा त्याचा माझ्यापुरता सर्वांत मोठा उपयोग. स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून नमुने जपायला फेसबुकचं पेज काढलं. त्याला लाईक करणारे निम्मे आमचेच पाहुणे आहेत, असोत. इन्स्टाग्राम मी लेकीवर सोडलं आहे. कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या मैत्रिणींसाठी 'प्रतिलिपी' आहे, पण माझं काम त्या जातीचं नाही. आणि पैशांचं एक: पैसे मिळण्यासाठी आपल्याला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही. 'अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारा एक 'साहेब' मलाही भेटला होता. लेक घरात होती म्हणून वाचले.

आता जे सांगायला जड जातं ते. एका काकूंच्या दशक्रियेच्या वेळी त्यांच्या मुलीच्या सांगण्यावरून मी श्रद्धांजलीचा मजकूर लिहिला होता. चांगला उतरला होता. दोन महिन्यांनी नमुना म्हणून मी तो स्टेटसला टाकला. नाव काढलं होतं, त्यामुळे मनात काही आलं नाही. पण त्यात पिठाच्या गिरणीचा उल्लेख होता, आणि गिरणी चालवणाऱ्या बाई आमच्या भागात एकच होत्या. संध्याकाळी मुलीचा फोन आला. ओरडली नाही. "काकू, माझ्या आईवर तुम्ही दुकान मांडलंत?" एवढंच म्हणाली. मी लगेच काढलं, तोवर ६४ जणांनी पाहिलं होतं. एरवी ज्या आकड्याने मी खूष होत असे, तो आकडा त्या रात्री मला बघवेना. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. तिने चहा दिला, पण पूर्वीसारखं बोलणं अजून नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या दुःखाचा वा घरगुती मजकूर मी विचारल्याशिवाय कुठेही दाखवत नाही. श्रद्धांजलीचा नमुना कोणी मागितला तरी मिळत नाही.

आणि गंमत बघा, माझ्या स्वतःच्या शब्दांवर माझं नाव राहावं म्हणून मात्र मी जिवाचं रान करत होते. झालं असं की संक्रांतीच्या सुमारास मी एक छोटा मजकूर लिहिला होता, नवरा गेलेल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवा म्हणून. खाली नाव घालून ग्रुपवर टाकला. नाव गळून पडायला एक दिवसही लागला नसावा. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडेच परत आला, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशा दोन बाणांच्या खुणेसह, आणि खाली नाव कोणाचं, तर व. पु. काळे! वपु गेले २००१ साली. व्हॉट्सअ‍ॅपच निघालं २००९ मध्ये, आणि माझ्या मजकुरात मुलाला व्हिडिओ कॉल करणारी बाई होती. पाठवणारी होती माझी सख्खी मावशी. सोबत लिहिलं होतं, "बघ, लिहावं तर असं."

लेक म्हणाली, फोटो करून टाक, कोपऱ्यात नाव. तो कोपराही लोक कापतात. कायदा आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्याक्षणीच हक्क लिहिणाऱ्याचा होतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही; लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षांचा धरतात. म्हणून कामाचा मजकूर पाठवण्याआधी मी एक ओळ पाठवते, 'हा मजकूर फक्त या लेबलसाठी', आणि समोरच्याचा होकार जपून ठेवते. पण मावशीवर कुठला दावा लावणार?

उपाय जुनाच सापडला. आपल्या संतांनी नाव अभंगाच्या खाली लिहिलं नाही, आत ओवलं. 'तुका म्हणे', 'जनी म्हणे' कापायला गेलं तर अभंगच मोडतो. उलट जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी रचलेल्या ओव्यांना नावच नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येऊ लागल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीबरोबर लागलं. मीही आता मजकुराच्या मधोमध 'आमच्या निडीला', 'मी बचत गटात म्हटलं' असं काहीतरी गुंफते. ते काढलं तर वाक्य लंगडतं, आणि लंगडं वाक्य पुढे ढकलायचा लोकांना कंटाळा येतो. निदान वपु तरी निडीच्या बचत गटात येत नाहीत.

जाऊबाईंनी गेल्या महिन्यात लेकीच्या डोहाळजेवणाची पत्रिका माझ्याकडून लिहून घेतली. पैसे विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत. पाकिटात २०० रुपये निघाले. यादीत दर ३०० आहे. ठीक आहे.

मावशीला मात्र शेवटी सांगून टाकलं, तो हळदीकुंकवाचा मजकूर माझा होता गं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग खाली वपुंचं नाव कशाला घातलंस?"