देवकुंडची वाट : निघण्यापूर्वी

रायगड जिल्ह्यातील भिरा गावातून देवकुंड धबधब्याकडे जाणारी वाट एका बाजूने सुमारे सहा किलोमीटरची असून, आरंभी ती धरणाच्या जलाशयाकाठाने जाते आणि मग दाट रानात शिरून ओढे ओलांडत कड्याच्या पायथ्याशी पोहोचते. जाण्यासच अडीच-तीन तास लागत असल्याने सकाळी लवकर निघणे आणि गावातील वाटाड्या सोबत घेणे इष्ट ठरते. धबधब्याखालचे कुंड, म्हणजे कोसळत्या पाण्याने बेसाल्ट खडकात कोरलेला डोह, मोहक खरे, पण पोहण्यासाठी फसवे असते. त्याहूनही मोठा धोका वाटेवरील ओढ्यांचा होय, कारण पाणलोटात, म्हणजे ज्या भूभागावरील पाणी ओढ्यात उतरते त्या घाटमाथ्याच्या उतारांवर, जोरदार सर कोसळली की खाली पाऊस नसतानाही लोंढा येतो व परतीची वाट तुटते. निवळशंख पाणी अचानक गढूळ होऊन त्यातून पालापाचोळा वाहू लागला, तर ओढ्यात पाऊल न टाकता उंच जागी थांबावे. भर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन येथे अनेकदा प्रवेशबंदी लागू करते, त्यामुळे आदेशाची खातरजमा करावी; ऑक्टोबर ते डिसेंबर हाच या वाटेसाठी योग्य काळ होय.