एका इंग्रजी क्रियापदाची ऊठबस

महोत्सवी अंकासाठी ‘आपल्या विषयातले काहीतरी लिहा’ असा चिटणीससाहेबांचा निरोप आला, तेव्हा आम्हांस स्वतःच्या फजितीचा एक जुना प्रसंग आठवला. आम्ही पडलो इंग्रजीचे मास्तर. तेव्हा फजितीही शब्दावरूनच झालेली.

वीसेक वर्षांपूर्वी बी. एड. होऊन आम्ही एका शाळेत नुकतेच नोकरीस लागलो होतो. स्नेहसंमेलनास एक निवृत्त अधिकारी पाहुणे म्हणून यावयाचे होते आणि इंग्रजी मानपत्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. साहेबांचा लोकसंग्रह मोठा, हे सांगण्यासाठी आम्ही कोशातून ‘हॉबनॉब’ हे क्रियापद हुडकले आणि ‘आपण मंत्र्यांशी नेहमी हॉबनॉब करता’ अशा अर्थाचे वाक्य थाटात वाचून दाखविले. साहेब नुसते हसले. चहाच्या वेळी मात्र जवळ बोलावून हळूच म्हणाले, “मास्तर, ही स्तुती होती की चिमटा?” कोशातला अर्थ बरोबर होता, शब्दाचा स्वभाव आम्ही पाहिला नव्हता.

हा शब्द मोठा प्रवासी आहे. जुन्या इंग्रजीत ‘हब्बन’ म्हणजे जवळ असणे व ‘नब्बन’ म्हणजे जवळ नसणे. त्यांवरून ‘हॅब-नॅब’ अशी जोडी झाली. अर्थ ‘असो वा नसो’, ‘होईल ते होवो’. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या सुमारे १६०१ सालच्या नाटकात एका भित्र्या सरदाराला तलवारबहाद्दर म्हणून रंगविताना ही जोडी येते. पुढे १८ व्या शतकात मद्याचे पेले हाती घेऊन एकमेकांचे शुभ चिंतताना लोक ती वापरू लागले. १९ व्या शतकात पेला गळाला आणि ‘सलगीने गप्पागोष्टी करणे’ हा अर्थ उरला. १९८५ साली तर ब्रिटनमध्ये या नावाची ओटची बिस्किटे निघाली. मद्याच्या पेल्याजवळचा शब्द चहाच्या बशीत आला, ही प्रगतीच म्हणावयाची!

आता वापराविषयी. हे क्रियापद अकर्मक आहे. ज्याच्याशी सलगी, त्याच्या नावाअगोदर ‘विथ’ लागते. भूतकाळी रूप करताना अथवा ‘इंग’ जोडताना अखेरचा ‘बी’ दुहेरी होतो. मुले गुण गमावतात ती येथेच. बहुधा ते श्रीमंत, सत्ताधारी वा प्रसिद्ध मंडळींच्या संबंधात येते आणि त्यात सौम्य थट्टा दडलेली असते. ‘त्यांचे काय, बड्या लोकांत ऊठबस!’ असे आपण म्हणतो, त्यातला सूर तोच. आमच्या घरच्या उर्दूतले ‘बड़े लोगों में उठना-बैठना’ हेही त्याच जातीचे.

‘मिंगल’ हे क्रियापद निराळे. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘मेंगन’, म्हणजे मिसळणे. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘अमंग’ हा त्याचाच भाऊबंद. तेव्हा लोकांच्या मध्ये जाणे त्यात आलेच. शिवाय ‘मिंगल’ होणारे घटक बहुधा आपापली ओळख राखून असतात. चिवड्यात शेंगदाणा शेंगदाणाच राहतो, पण चव सर्वांची मिळून होते, तसे. येथे लहान-मोठा हा प्रश्न उद्भवत नाही.

हा भेद आम्ही कोशात वाचण्यापूर्वी आपल्या ट्रस्टच्या मंडपात पाहिला होता. शाळकरी वयात फीची मदत घ्यावयास आलो, तेव्हा आम्ही मुले मागच्या सतरंजीवर संकोचून बसलो होतो. व्यासपीठावर पाहुण्यांची सरबराई चालली असता एक वृद्ध विश्वस्त खाली उतरले, आमच्यात मांडी घालून बसले आणि एकेकास विचारू लागले, “काय बाळ, गणित जमते ना?” मदतीची रक्कम किती होती हे आज आठवत नाही, तो प्रश्न मात्र आठवतो.

महोत्सवाच्या दिवशीही मागे सतरंजी असेल आणि तीवर संकोचलेली मुले असतील. सभासद बंधुभगिनींनी पाहुण्यांशी हॉबनॉब अवश्य करावे. परंतु घटकाभर त्या मुलांतही जाऊन मिसळावे, एवढीच एका मास्तराची विनंती.