शर्यतीची मोटार आणि घरची मोटार

विद्यार्थ्यांत मोटारींची गोष्ट निघाली कीं एक प्रश्न हटकून ऐकूं येतो: "सर्वांत श्रेष्ठ गाडी कोणती?" आमच्या मतें हा प्रश्न अपुरा आहे. श्रेष्ठ कोणासाठीं व कोणत्या कामासाठीं, हें ठरल्यावांचून त्यास उत्तर देतां येत नाहीं. उदाहरणादाखल जर्मनींतील दोन प्रतिस्पर्धी सलून गाड्या घेऊं. एक, मर्सिडीज-बेंझ कंपनीनें १९८३ सालीं जगापुढें मांडलेली '१९० ई २.३-१६'; दुसरी, बी. एम. डब्ल्यू. कंपनीची १९८६ सालची 'एम ३'. दोन्ही महागड्या, दोन्ही वेगवान. परंतु स्वभाव अगदीं भिन्न.

या गाड्या जन्मास कां आल्या, तें प्रथम पाहूं. त्या काळीं 'ग्रूप ए' नांवाच्या शर्यतींचा असा नियम होता कीं, ज्या नमुन्याच्या निदान ५,००० गाड्या बारा महिन्यांत तयार झाल्या असतील, तोच नमुना शर्यतींत उतरवितां यावा. म्हणजे शर्यत जिंकूं इच्छिणाऱ्या कारखानदारास तीच गाडी सामान्य गिऱ्हाइकासही विकणें भाग पडे. मर्सिडीजनें आपल्या चार दारांच्या घरगुती गाडीस नवें जोमदार इंजिन दिलें. बी. एम. डब्ल्यू.नें मात्र आपल्या दोन दारांच्या गाडीचें अंगच पालटलें: चाकांवरील पत्रा रुंद केला, मागील कांच अधिक उतरती केली, आणि वारा नीट कापला जावा म्हणून डिकीचें झांकण उंच केलें.

दोन्ही गाड्यांचें इंजिन चार सिलिंडरांचें व सुमारें २.३ लिटरचें. साधारण गाडींत त्या काळीं प्रत्येक सिलिंडरास दोन झडपा असत. येथें चार, म्हणून एकंदर सोळा. सिलिंडरास फुप्फुस म्हटलें तर झडपा या नाकपुड्या होत. त्या मोकळ्या असल्या म्हणजे इंजिनास अधिक हवा घेतां येते व शक्ति वाढते. मर्सिडीजच्या इंजिनाचा हा वरचा भाग इंग्लंडांतील कॉसवर्थ कंपनीनें सिद्ध केला. तिची शक्ति १८५ अश्वशक्ति, तर एम ३ ची २००. परंतु एम ३ ची पूर्ण शक्ति मिनिटास ६,७५० फेरे झाल्यावर हातीं येई. म्हणजे इंजिन सदा चढ्या सुरांत ठेवावें लागे.

खरा भेद मागील चाकांच्या बैठकींत आहे. मर्सिडीजचें प्रत्येक मागील चाक पांच दांड्यांनीं धरलेलें असतें; त्यामुळें खड्ड्यांत किंवा वळणावर त्याची दिशा फारशी ढळत नाहीं. एम ३ चें चाक एका तिरक्या भुजेवर वरखालीं होतें आणि तसें होतांना किंचित् दिशाही बदलतें. ओल्या वळणावर चालकानें घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला, तर गाडीची मागील बाजू घसरूं शकते. निष्णात चालक या चपळाईचा उपयोग करून घेतो; मुलाबाळांसह पावसांत घरीं परतणाऱ्या गृहस्थास ती नकोशी वाटते.

गिअरची रचनाही पाहण्यासारखी आहे. युरोपांत विकलेल्या या दोन्ही गाड्यांत पहिला गिअर डावीकडे खालीं असे व दुसरा-तिसरा एका सरळ रेषेंत येत. शर्यतींत पहिल्या गिअरचें काम आरंभींच संपतें, म्हणून ही सोय. गांवांतील गर्दींत मात्र क्षणोक्षणीं पहिल्यावरून दुसऱ्यावर वांकडा हात करावा लागतो.

दोघींनींही कीर्ति मिळविली. १९८३ च्या ऑगस्टांत इटलींतील नार्दो येथें मर्सिडीजनें ५०,००० किलोमीटरांची दौड ताशीं २४७ किलोमीटरांहून अधिक सरासरीनें पुरी केली. हा टिकाऊपणाचा दाखला. १९८७ सालीं रोबेर्तो राव्हाल्या यानें एम ३ चालवून टूरिंग गाड्यांचें जगज्जेतेपद मिळविलें. हा चपळाईचा दाखला. तिसरी गोष्ट याहून बोधप्रद आहे. १२ मे १९८४ रोजीं न्युर्बुर्गरिंग येथें अनेक नामांकित चालकांस सारख्याच मर्सिडीज गाड्या देऊन शर्यत झाली. तींत चोवीस वर्षांच्या आयर्टन सेन्नानें निकी लाउडासारख्या जगज्जेत्यास मागें टाकिलें. गाड्या सारख्या असतां जिंकलें तें कौशल्य.

तेव्हां आमचा निवाडा असा: मोकळ्या शर्यतपथावर चालविण्याचाच ज्यास आनंद, त्यानें एम ३ निवडावी, रोज माणसें व सामान न्यावयाचें आहे आणि कधींमधीं वेगाची हौस आहे, त्यास मर्सिडीज बरी. शर्यतीचा खोंड नांगरास जुंपीत नाहींत, यांत खोंडाचा अपमान नाहीं व नांगराच्या बैलाचाही नाहीं.

पालकांस एवढेंच सुचवूं कीं, गाडी साधी असो वा महाग, घेतांना प्रभूच्या दृष्टांतांतील बुरूज बांधणाराप्रमाणें आधीं हिशेब करावा; आणि तो केवळ पैशांचा नसावा. मागील आसनावर कोण बसणार व रात्रीं पावसांत कोण चालविणार, हेंही त्यांत धरावें. आणि विद्यार्थ्यांनो, वेगाची हौस वाईट नव्हे. तिच्यासाठीं शर्यतपथ आहे. रस्त्यावर मात्र पायीं चालणाराचा जीव आपल्या हातीं असतो, हें चाक धरण्यापूर्वींच शिकून ठेवा.