शिकागोचे गव्हर्नर, दक्षिणेच्या जोडीदार
अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सगळं शिकागोच ठरवतं, ही दक्षिणेकडच्या लोकांची जुनी तक्रार. २०१० साली डेमोक्रॅटिक उमेदवार गव्हर्नर पॅट क्विन शिकागोचेच. उपगव्हर्नरपदाची पक्षांतर्गत निवडणूक तेव्हा वेगळी व्हायची, मुख्य निवडणुकीत मात्र दोघांना मिळून एकच मत. उपगव्हर्नरपदाचा विजेता वादात सापडून बाजूला झाला, तेव्हा पक्षाने दक्षिणेतल्या कार्बनडेलच्या शीला सायमन यांना घेतलं. वडील पॉल सायमन माजी सिनेटर, त्यामुळे नावाला वजन होतंच. क्विन १०२ पैकी अवघ्या चार काउंटींत पुढे राहूनही निवडून आले. खरा हात शिकागोच्या कुक काउंटीचा. पण त्या चारांत कार्बनडेलची जॅक्सन काउंटीही होती. अर्थात कार्बनडेल हे विद्यापीठाचं, एरवीही डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकणारं गाव, त्यामुळे सगळं श्रेय सायमनबाईंना देणं जरा जास्तच होईल. २०१४ पासून गव्हर्नर आणि उपगव्हर्नरपदाचे उमेदवार पक्षांतर्गत फेरीतच जोडीने उतरतात.