विंगेतला आवाज

संपादकांना सिनेमावर लेख हवा होता. २०२२च्या जूनमध्ये तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' प्रदर्शित झाला. 'न्यूटन'चे दिग्दर्शक अमित मसूरकर त्याच्या पाठीशी होते, आणि पडद्यावरची बरीच मंडळी झाडीपट्टीच्या रंगमंचावरूनच आलेली होती. विदर्भाच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया आणि भंडारा या धानाच्या पट्ट्यात, तिकीट लावून रात्रभर चालणाऱ्या नाटकांची एक अख्खी दुनिया आहे, हे शहरातल्या अनेकांना त्या निमित्ताने कळलं. तेव्हा 'कलावंत, गाव आणि कॅमेरा' असं काहीतरी लिहा, असा निरोप होता. कॅमेऱ्याचा माग काढत मी गेलो खरा, पण अडकलो विंगेत, एका प्रॉम्प्टरजवळ.

आधी वडसा. कागदोपत्री देसाईगंज, पण स्टेशनवर आणि तोंडात वडसाच. गोंदिया–चांदा फोर्ट मार्गावरचं हे स्टेशन गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षं ठाऊक असलेलं एकमेव. वैनगंगा ओलांडली की ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. वाटा इथून फुटतात म्हणून नाटक कंपन्यांनी इथेच बस्तान मांडलं. पन्नासच्या आसपास कंपन्या आहेत असं सांगतात. रस्त्यावरून चालताना ते पटतं: हार्डवेअर, बियाणं, मोबाइल, आणि मध्येच एखादा गाळा, ज्याच्या बाहेर नायक-नायिकेचे चेहरे छापलेला हातभर लांब फ्लेक्स. आत टेबल, तारखांची वही, चहा. गावातल्या मंडळाची चार-पाच माणसं समोर बसलेली. नायिका कोण, विनोदी नट कोण, नाटकात गाणी किती, असे प्रश्न होतात. भाव ठरतो, विसार दिला जातो. कंपनीने तारीख विकली, मंडळाने ती घेतली. आता तिकिटं खपवून पैसे काढायचं काम गावाचं. चार पैसे उरले तर देवळाला, शाळेला, नाहीतर पुढच्या वर्षीच्या नाटकाला.

हंगाम भाऊबीजेनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. धान कापून झालेलं, हातात पैसा, बांध्या मोकळ्या. गावात शंकरपट असेल तर दिवसा बैल पळतात आणि रात्री नाटक. पाहुणे आलेले असतातच, तर पोरापोरींच्या सोयरिकीचं बोलणंही तिथेच निघतं. नाटकाला गेल्याशिवाय या भागात लग्नं जुळत नाहीत, असं एका सासूबाईंनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इथे सगळ्यांना पाठ असतो आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. मुळात दंडार: पुरुषांनीच नाचत-गात सांगायची गोष्ट. तिच्या जोडीला खडी गंमत, शाहीर आणि नाच्या. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी इथल्या झाडीबोलीसोबत या सगळ्याचा आयुष्यभर पाठपुरावा केला. पुढे संगीत नाटकाचे पडदे आणि ऑर्गन आले, पण दंडारीची सवय गेली नाही: गोष्ट मध्येच थांबवायची, प्रेक्षकाशी दोन शब्द बोलायचे, पुन्हा गोष्टीत शिरायचं. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावच्या सदानंद बोरकरांनी याच मंचावर शेतकऱ्यांचं मरण आणलं, 'आत्महत्या' या नाटकातून. आणि २०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे पद्मश्री झाले. सुमारे ८०० भूमिका, ५,००० हून अधिक प्रयोग, असा त्यांचा हिशेब बातम्यांत आला. हा आकडा वाचून माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला: एवढ्या संहिता माणूस पाठ करतो तरी कधी?

करत नाही, हेच उत्तर आहे. निदान सगळ्या तरी नाहीत. हंगामात एका नटाच्या वाट्याला अनेक नाटकं येतात. आज एक, उद्या दुसरं, परवा तिसऱ्या गावी तिसऱ्या कंपनीचं. नागपूरहून आलेल्या नायिकेला तालीम मिळते ती नावापुरती. कधी जेवणाच्या पंगतीत कथानक सांगितलं जातं, तेवढ्यावर ती रंग लावते. नाटक उभं राहतं ते प्रॉम्प्टरच्या तोंडून.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात मी हे जवळून पाहिलं. धानाच्या बांधीत मंच उभारलेला, त्याच्या पुढ्यात वादकांसाठी खणलेला खड्डा. त्यात ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, आणि वादकांची फक्त डोकी वर. मंचावर लोंबकळणारे माइक. मागे पडदे एकावर एक: रस्ता, वाडा, जंगल, गरिबाचं घर. उजव्या विंगेत, कापडाला खांदा लावून, प्रॉम्प्टरकाका. पावसाळ्यात रोवणी करतात, हिवाळ्यात हे. हातात पिवळ्या पडलेल्या पानांची वही, कडा हळदकुंकवाने माखलेल्या, कारण पहिली घंटा व्हायच्या आधी नटराजाबरोबर वहीचीही पूजा होते. वर एक दिवा, तोही तिरपा, प्रेक्षकांना दिसू नये म्हणून.

काका वाचत नाहीत, पेरतात. समोरचा नट शेवटचे दोन शब्द बोलत असतानाच पुढच्याचं वाक्य यांच्या तोंडातून निघालेलं असतं. स्वर सपाट, ना राग ना रडू. भाव त्यात घालायचा नाही, तो नटाचा धंदा. नवख्या मुलीला पूर्ण वाक्य, दोन तुकड्यांत. मुरलेल्या नटाला नुसता पहिला शब्द. खलनायकाला काहीच नाही, कारण त्याला आवडत नाही. पण त्याची नजर विंगेकडे वळली की लगेच. मला सगळ्यांत नवल वाटलं ते थांबण्याचं. बाप मेल्यावर मुलगी गप्प उभी आहे. ती रडते आहे की विसरली आहे? काका तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. नंतर विचारलं तर म्हणाले, पायाकडे बघायचं. विसरलेला माणूस पाय हलवतो.

विनोदी नट आला की काका बोट पानावर ठेवून गप्प. तो वहीत नसलेलंच बोलतो. हमीभाव, सरपंच, समोर खुर्चीवर बसलेला ठेकेदार, काल गावात आलेला वाघ. नायक-नायिका बहुतेक प्रमाण मराठीत बोलतात, पण याच्या तोंडी झाडीबोली, आणि हशाही तिलाच. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग कुठेतरी तो मूळ वाक्याच्या जवळ येतो आणि काकांचं बोट सरकतं. तो नेमका कुठे परत येणार, हे वहीत लिहिलेलं नसतं. दंडारीत गोष्ट सोडून परत यायची जी रीत होती, ती छापील-लेखी नाटकाच्या पोटात अशी जिवंत आहे, आणि तिची किल्ली विंगेतल्या माणसाकडे आहे. या रंगभूमीला लोक लेखकाची म्हणोत, नटाची म्हणोत. मला ती कानाची वाटते.

आणि म्हणूनच कॅमेऱ्याशी तिचं जमत नाही. सिनेमावाले येतात, चांगल्या मनाने येतात, रंगलेले चेहरे आणि पहाटेची गर्दी टिपतात. 'झॉलीवूड'सारख्या चित्रपटाने इथल्या माणसांनाच पडद्यावर उभं केलं, याचं मोल मोठं आहे. पण सिनेमात वाक्य विसरलं तर पुन्हा घेता येतं. इथे विसरणं गृहीत धरूनच सगळी रचना आहे. हल्ली प्रयोगांचं चित्रण करून ते यूट्यूबवर टाकतात. लोंबकळते माइक मंचावरचं सगळं उचलतात, तसा काकांचा आवाजही. समोर बसलेल्या हजारो लोकांना जो ऐकू येऊनही ऐकू येत नाही, तो मोबाइलवर खरखरीत स्पष्ट येतो आणि खाली लोक हसण्याच्या खुणा टाकतात. चित्रण करणाऱ्या एका मुलाने काकांना हळू बोलायला सांगितलं. काका हळू बोलले, तर नायिकेला ऐकू गेलं नाही आणि दुसरा अंक दोन पानं पुढे सरकला.

मग इअरफोनची कल्पना निघाली. शहरात दिसते तशी, नटाच्या कानात बारीक यंत्र. काकांनी ती मोडीत काढली, आणि कारण पटण्यासारखं होतं: विंगेतून दिलेलं वाक्य मंचावरचे सगळे ऐकतात. एकाचं चुकलं तर दुसरा सावरून घेतो. यंत्र एकाच्याच कानात बोलणार, मग बाकीच्यांनी काय करायचं?

अडचणी मात्र विंगेपुरत्या नाहीत. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि पटाच्या रात्री नाटक हा जुना हिशेब मोडला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. दरम्यान काही गावांनी पट विसरून नुसतंच नाटक ठेवलं, काहींनी दोन्ही सोडलं. मधल्या काळात करोना आला, गर्दीवर बंदी आली आणि नाटकाचे पैसे बंद झाले. कलावंताला मिळतो तो रात्रीचा मेहनताना. प्रयोग नाही तर तोही नाही. अवकाळी पावसाने कापलेलं धान बांधीतच भिजलं की गावाचं मंडळ तारीख पुढे ढकलतं, आणि त्या तारखेला दुसरीकडे जाणं जमत नाही.

रस्त्याचं वेगळंच. प्रयोग पहाटे सुटतो आणि गाड्या जंगलातून परत निघतात. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ वाढले, माणसं मेली, तेव्हापासून टेम्पोतला कुणी लघवीलाही उतरत नाही. हे हसत सांगतात, पण उतरत नाहीत.

प्रेक्षक बदलला याची तक्रार जुन्या नटांकडून मी भरपूर ऐकली, त्यातली निम्मी मला पटली नाही. आमच्या वेळी लोक शहाणे होते, हे प्रत्येक पिढी म्हणते. पण अंकांच्या मधला नाच लांबत चालला आहे, आणि काही गावं नाटकाचं नाव न विचारता नाच किती आहेत ते विचारून तारीख घेतात, हे मी वडशाच्या गाळ्यात बसून स्वतः ऐकलं. नाच वाढला की संहिता कापली जाते. कापायचं काम अर्थातच प्रॉम्प्टरकडे, आयत्या वेळी, पेन्सिलीने.

सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे, दरमहा ५,००० रुपयांची. अर्जाला कलेचे पुरावे जोडावे लागतात: कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं. नटाकडे फ्लेक्स असतो, गायकाकडे ध्वनिमुद्रण. प्रॉम्प्टरने काय जोडायचं? तो फोटोत आला तर ती प्रयोगाची चूक मानली जाते. काकांकडे एक सत्काराची शाल होती. तिच्यावर नाव नव्हतं.

शिकायला दोन मुलं येतात. एक चांगलं वाचतो, पण नटासारखा भाव घालतो, त्याला काका रागावतात. दुसरा वही मोबाइलवर घेऊन आला आणि पडद्याचा निळा उजेड थेट मंचावर पडला. वाड्यातल्या प्रवेशात नायकाचा अर्धा चेहरा निळा. विनोदी नटाने त्यावरही दोन मिनिटं काढली.

निघताना मी काकांना विचारलं, काय हवं. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: विंगेत बसायला खुर्ची आणि फ्लेक्सवर नाव. कंपनीच्या मॅनेजरना मी हे सांगितलं. खुर्चीचं बघू म्हणाले. फ्लेक्सवर जागा नाही, नाचणाऱ्या मुलींचे फोटो यंदा दोनाने वाढलेत.