बालकांतील स्वादुपिंडदाह

पोटदुखी ही लहान मुलांची नित्याची तक्रार होय. बहुतेक वेळी ती ओवा, ऊन पाणी आणि विश्रांती यांनी शमते. परंतु वेदना बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत शिरत असेल, मूल पुढे वाकून बसत असेल आणि वांत्या थांबत नसतील, तर तिचे मूळ स्वादुपिंडात असण्याचा संभव असतो. या ग्रंथीचा दाह हा मद्यपी प्रौढांचाच रोग होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती आता टिकलेली नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. ते रक्तात इन्सुलिन सोडते व लहान आतड्यात पाचकरस ओतते. या रसातील ट्रिप्सिन प्रथिनांचे विघटन करते. मग ते ग्रंथीलाच का खात नाही? कारण ग्रंथीत ते निष्क्रिय रूपात राहते आणि आतड्यात पोचल्यावरच जागृत होते. ही व्यवस्था बिघडली म्हणजे ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते, असा विचार हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये मांडला.

बालकांत ही व्यवस्था अनेक कारणांनी बिघडते. सायकलवरून पडताना मुठीचा पोटावर बसलेला आघात, गालगुंडाचे विषाणू, काही औषधे, नलिकेतील जन्मजात दोष, नलिकेत शिरलेला जंत आणि पित्तखडे ही त्यांपैकी प्रमुख होत.

पित्तखड्यांचे कारण रायपूर व त्याभोवतालच्या छत्तीसगडला विशेष लागू पडते. या प्रदेशात, तसेच त्याला लागून असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तरोग बराच आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अकाली फुटतात. त्यांतील रंगद्रव्य पित्तात साचते आणि त्याचे खडे शाळकरी वयातही बनू शकतात. पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका आतड्यात जेथे एकत्र उघडतात, तेथे असा खडा अडकला, की दाह सुरू होतो.

येथेच खरी अडचण उद्भवते. सिकलसेलच्या बालकास रक्तवाहिन्या तुंबल्यामुळेही पोटात तीव्र कळा येतात. ‘नेहमीचीच कळ’ म्हणून स्वादुपिंडदाहाकडे दुर्लक्ष झाले, तर उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो.

सुदैवाने निदान आता सुकर झाले आहे. विशिष्ट प्रकारची पोटदुखी, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज कमाल सामान्य मर्यादेच्या किमान ३ पट असणे आणि प्रतिमेत दाहाची चिन्हे दिसणे, या ३ लक्षणांपैकी २ आढळली, की निदान निश्चित मानतात. प्रथम ध्वनिलहरींची तपासणी करतात. तिच्यात क्ष-किरण नसल्याने ती बालकास निर्धोक असते. नलिकांचे बारकावे चुंबकीय प्रतिमेत दिसतात.

उपचारांतही मोठा पालट झाला आहे. पूर्वी ग्रंथीस विसावा मिळावा म्हणून रुग्णास कित्येक दिवस उपाशी ठेवीत. आता आजार सौम्य असल्यास १-२ दिवसांतच तोंडाने अन्न देणे सुरू करतात. ते न जमल्यास नाकातून घातलेल्या नळीने देतात. शिरेतून पुरेसे द्रव देणे व वेदना शमविणे हे उपचाराचे आधारस्तंभ होत. जंतुसंसर्ग नसता प्रतिजैविके देत नाहीत. अडकलेला खडा दुर्बिणीच्या साहाय्याने काढता येतो. दुखणे पुन्हा उद्भवू नये म्हणून पुढे पित्ताशयही काढतात. सिकलसेलच्या बालकास शस्त्रक्रियेपूर्वी रक्त देण्याची गरज पडू शकते.

काही बालकांत दाह वारंवार होतो. त्याचे बीज अनेकदा अनुवंशात असते. एकाच कुटुंबातील अशा रुग्णांचे वर्णन कम्फर्ट व स्टाइनबर्ग यांनी १९५२ मध्ये केले आणि १९९६ मध्ये व्हिटकॉम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रिप्सिनच्या जनुकातील दोष दाखविला. भारतीय रुग्णांत मात्र, हैदराबादच्या डॉ. गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविल्याप्रमाणे, ट्रिप्सिनला आवर घालणाऱ्या स्पिंक-१ या जनुकातील दोष महत्त्वाचा ठरतो. अशा बालकांना पुढे पाचक द्रव्यांच्या गोळ्या व क्वचित इन्सुलिन घ्यावे लागते. म्हणून त्यांची वाढ, वजन व रक्तशर्करा यांवर सतत लक्ष ठेवणे अगत्याचे असते.

रायपूर येथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय असून २०१२ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही सुरू झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली गेली. परंतु रुग्णालयापर्यंतचा मार्ग घरातून व शाळेतून जातो. सिकलसेलच्या मुलाचे पोट नेहमीहून वेगळे दुखू लागले, वांत्या होऊ लागल्या किंवा डोळे अधिक पिवळे दिसू लागले, तर पालकांनी व शिक्षकांनी त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याच्या रक्तरोगाची माहिती प्रथम सांगावी. थोड्याशा रक्ताच्या एका तपासणीने पुढचा अनर्थ टळू शकतो.